काउंटरवर कोणाला उभं करू?

एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून हँडल फिरवून चालणारा, भाजी चिरायचा चॉपर बनवतात. तीन वर्षं माल ओळखीपाळखीत आणि ऑनलाइन विकला. आता पहिल्यांदाच एका मोठ्या दुकानसाखळीने चार दुकानांत सलग सहा शनिवार-रविवार डेमो काउंटर लावायला परवानगी दिलीय. काउंटरवर बोलायला माणसं हवीत. एजन्सीने बारा मुलींचे फोटो पाठवलेत. प्रत्येक फोटोखाली उंची, वय आणि रंग लिहिलाय. भावाचं म्हणणं, ‘चेहरा बघूनच लोक थांबतात, इथे काटकसर नको.’ पण त्या दराने सहाऐवजी दोनच आठवडे निभतात. दुसरीकडे, पॅकिंगमध्ये पहिल्या दिवसापासून असलेल्या बावन्न वर्षांच्या काकू आहेत. चॉपरचा स्क्रू न् स्क्रू त्यांना ठाऊक. ‘पण त्या दिसायला साध्या, बोलायला बुजऱ्या. अशा दुकानात शोभतील का?’ भावाने तिसरा पर्यायही काढलाय: सोशल मीडियावरच्या एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीला एका दिवसासाठी बोलवायचं. एजन्सीला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. ‘ताई, काय कळवू?’

तुमच्या पत्रातल्या त्या तीन रकान्यांपाशीच मी अडले. उंची, वय, रंग. चॉपर हातात घेऊन दाखवायला जे लागतं, त्यातलं एकही त्यात नाही. हात सफाईने चालतो का, समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेते का, सहा तास उभं राहिल्यावर सातव्या तासाला आवाजात काय उरतं, याचा पत्ताच नाही. आणि रंग लिहून माणूस निवडायचा, हे मला मुळातच सहन होत नाही. तुम्हालाही ते खटकलं असणार, नाहीतर ही बारीक गोष्ट पत्रात आली नसती.

मी हे काम केलंय. कॉलेजात असताना दीड वर्ष, सुट्टीच्या दिवशी दुकानांतून उभी राहून घरगुती उपकरणं दाखवायचे. माझी निवडही फोटोवरूनच झाली होती. पहिल्या सकाळी हातात कंपनीचा टीशर्ट आणि एक पत्रक पडलं, आणि अर्ध्या तासात मी काउंटरवर. दुपारी एक वयस्कर बाई आल्या. त्यांनी ज्यूसरचं झाकण उलटंपालटं करून पाहिलं, आतल्या रबराच्या रिंगखाली नख घालून बघितलं आणि विचारलं, “ही रिंग निघते का गं धुवायला? इथेच सगळं साठतं.” मला माहीत नव्हतं. मी हसून म्हटलं, “हो, सगळं निघतं.” त्यांनी तिथल्या तिथे ती ओढून पाहिली. निघाली नाही. एक शब्द न बोलता त्यांनी झाकण जागेवर ठेवलं आणि गेल्या. त्यांच्या मागे उभे असलेले दोघंही गेले.

तेव्हा मी दिसायला व्यवस्थित होते, टीशर्ट इस्त्रीचा होता, हसू जागेवर होतं. त्या बाईंना हवं होतं ते एक खरं उत्तर. “मला माहीत नाही, थांबा, आपण दोघी मिळून बघू,” एवढं जरी म्हटलं असतं तरी त्या थांबल्या असत्या.

आता तुमच्या भावाच्या म्हणण्याकडे येते. तो अगदीच चुकीचं बोलतोय असं नाही. देखण्या, टापटिपीच्या माणसापाशी लोक थांबतात. पण तो थांबण्याचा आकडा डोळ्यांसमोर धरून बसलाय आणि तुमचं घर चालतं ते घेण्याच्या आकड्यावर. हे दोन आकडे किती लांब पडू शकतात ते सांगते. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या एका किराणा दुकानात जॅम चाखायचं टेबल लावलं होतं. कधी टेबलावर २४ प्रकारचे जॅम, तर कधी फक्त ६. त्यांचे निष्कर्ष २००० साली छापून आले. २४ बरण्यांच्या टेबलाशी जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक थांबले, सहाच्या टेबलाशी ४० टक्के. पण थांबलेल्यांपैकी जॅम विकत कोणी घेतला? मोठ्या टेबलाशी थांबलेल्या ३ टक्क्यांनी, छोट्या टेबलाशी थांबलेल्या ३० टक्क्यांनी. गर्दी एकीकडे जमली, विक्री दुसरीकडे झाली.

हा प्रयोग चेहऱ्यांचा नव्हता, प्रकारांच्या संख्येचा होता, हे मी विसरलेले नाही. शिवाय २०१० साली अशा ५० प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला, तेव्हा ‘जास्त पर्याय म्हणजे कमी विक्री’ हा परिणाम सरासरीने जवळजवळ शून्यावर आला. म्हणजे कुठे दिसतो, कुठे दिसत नाही. तेव्हा त्यातून नियम काढू नका. मला त्यातून एवढंच घ्यायचंय, की त्या दोघांनी थांबलेले आणि घेतलेले असे दोन्ही मोजले, म्हणून फरक दिसला. तुमच्या काउंटरवरही दोन्ही मोजावे लागतील. आणि हो, तुम्ही पत्रात सगळी पाती आणि तिन्ही मॉडेलं टेबलावर मांडायचं म्हटलंय. पहिल्या शनिवारी एकच मॉडेल आणि एकच पातं ठेवून बघा. बाकीचं टेबलाखाली राहू द्या, कोणी विचारलं की काढा.

तुमच्या वस्तूचा स्वभाव काय, हा प्रश्न तुम्ही दोघांनी अजून स्वतःला विचारलेला दिसत नाही. काही वस्तू नुसत्या डोळ्यांना भावून विकल्या जातात. काही हातात घेतल्याशिवाय कळतच नाहीत. टपरवेअरचे डबे १९४० च्या दशकात बाजारात आले तेव्हा दुकानांत पडून राहायचे, कारण झाकण मधोमध दाबून हवा बाहेर काढायची आणि मग ते घट्ट बसतं, ही युक्ती लोकांना कोणी करून दाखवतच नव्हतं. ब्राउनी वाइज नावाच्या बाईंनी तेच डबे घराघरांत बायकांना जमवून, हाताळायला देऊन विकले, आणि इतके विकले की १९५१ मध्ये ते डबे बनवणारे, कंपनीचे मालक अर्ल टपर यांनी दुकानांतला माल काढून घेतला आणि घरगुती विक्रीचा सगळा कारभार वाइजबाईंच्या हाती दिला. डबा तोच, झाकण तेच. दाखवणारं माणूस बदललं. (त्याच वाइजबाईंना १९५८ मध्ये कंपनीतून काढून टाकलं, हेही सांगायला हवं. माल उभा करणाऱ्या बाईला असं बाजूला सारलेलं मला आजही बोचतं.)

तुमचा चॉपर त्या डब्यांच्या जातीतला आहे. हँडलला पहिल्यांदा जोर लागतो, मग ते सुटतं. पातं लावताना ‘टक्’ आवाज आला पाहिजे. गाजराचे आधी तुकडे करून घ्यावे लागतात, अख्खं टाकलं तर अडकतं. ही सगळी माहिती तुमच्याच पत्रात आहे आणि ती तुम्हाला कोणी दिली? काकूंनी.

तर काकू. ‘शोभतील का’ हा प्रश्न तुमचा आहे, ग्राहकाचा नाही. रोज स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्या माणसाला, आपल्यासारखंच रोज भाजी चिरणारं कोणी समोर दिसलं तर धीर वाटतो, की परका वाटतो? मी दीड वर्षात जे पाहिलं त्यावरून सांगते, धीर वाटतो. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका, करून बघा.

मात्र एक गोष्ट तुम्ही दोघंही विसरलात. काकूंना विचारलंत का? त्यांना शनिवार-रविवार घरी हवा असेल. दिवसभर उभं राहणं झेपणार नसेल. अनोळखी माणसांसमोर बोलायचं नावच नको असेल. ‘मालकीण म्हणतेय म्हणजे हो म्हणायलाच हवं’ असं त्यांना वाटू देऊ नका. चारचौघांसमोर विचारू नका, लगेच उत्तर मागू नका, आणि नाही म्हटलं तरी पॅकिंगचं काम जसंच्या तसं राहील, हे तोंडाने स्पष्ट सांगा. हो म्हणाल्या तर त्या दिवसांचा मोबदला वेगळा द्या, एजन्सीच्या मुलीच्या हातात जेवढे पडले असते त्यापेक्षा कमी नाही, आणि आठवड्यात बदली सुट्टीही. आपल्याच माणसाला स्वस्तात उभं करायचं आणि परक्याला पूर्ण पैसे द्यायचे, असं होऊ देऊ नका.

माहिती आहे म्हणजे बोलता येतंच असंही नाही. एका दुकानात माझ्याबरोबर कंपनीचा तंत्रज्ञ उभा केला होता. माणूस हुशार आणि मनाचा चांगला, पण कोणी जार हातात घेतला की मोटरच्या वळणांपासून सुरुवात करायचा. लोक मान हलवत मागे मागे सरकायचे. काकू बुजऱ्या आहेत म्हणता. बुजरं माणूस पुष्कळदा चांगलं ऐकतं. त्यांना भाषण पाठ करायला लावू नका. हातात चॉपर द्या, समोर तुम्ही ग्राहक होऊन उभ्या राहा, आणि त्या जशा तुम्हाला कारखान्यात दाखवतात तसंच दाखवू द्या. हात चालायला लागले की बोलणं आपोआप येतं.

आता व्यवहाराचं. काकू एक आणि दुकानं चार. तेव्हा चारही दुकानांत एकदम उडी घेऊ नका. पहिले दोन आठवडे दोनच दुकानं घ्या. एका ठिकाणी काकू, दुसऱ्या ठिकाणी एजन्सीची किंवा तुम्ही स्वतः निवडलेली एक व्यक्ती. उरलेल्या दोन दुकानांत माल ठेवा, पण काउंटर लावू नका. तुम्हाला तुलनेला काहीतरी हवं ना? डेमोशिवाय त्या दिवसांत किती खपतात, हे कळल्याशिवाय डेमोने किती वाढले ते कसं कळणार! बहुतेक छोटे उद्योजक त्या दिवसाची विक्री बघून खूश होतात किंवा खचतात. पुढच्या दोन आठवड्यांत रॅकवरून किती गेले आणि परत किती आले, हे कोणी बघतच नाही. परत आलेला चॉपर म्हणजे काउंटरवर कोणीतरी जास्तीचं बोललंय, असं आधी धरून चाला.

दुसरी व्यक्ती निवडताना फोटो मागू नका. चॉपर हातात द्या, दहा मिनिटं एकटीला खेळू द्या. मग तुम्ही समोर जा आणि तीन त्रासदायक प्रश्न विचारा. एक, ज्याचं उत्तर पत्रकात आहे. दुसरा, ज्याचं उत्तर तिला ठाऊक असणं शक्यच नाही. आणि तिसरा, जो तुम्ही आत्ताच विचारलाय, तोच पुन्हा. दुसऱ्या प्रश्नाला जी “माहीत नाही, विचारून सांगते” म्हणते, आणि तिसऱ्याला जिच्या आवाजाला धार येत नाही, ती तुमची. आणखी एक बघा: हँडल ती स्वतःच फिरवत राहते, की तुमच्या हातात देते? ग्राहकाच्या हातात देणारी बाई (किंवा बाप्या. डेमोला मुलीच हव्यात हे कोणी ठरवलं?) तुम्हाला सोन्यासारखी. निवड करताना एक दिवस चाचणीचा ठेवला तर त्याचेही पैसे द्या.

निवडलेल्या व्यक्तीला कारखान्यात निदान अर्धा दिवस आणा. पाती बदलू द्या, धुऊ द्या, एकदा अडकू द्या आणि सोडवू द्या. मग अर्ध्या पानावर लिहून द्या: हे म्हणायचं आणि हे अजिबात म्हणायचं नाही. ‘बोट कधीच कापत नाही’, ‘धार आयुष्यभर राहते’, असली वाक्यं तिथे बंद. तुमच्या काउंटरवर उभं राहून ती जे बोलेल ते लोकांच्या लेखी तुम्हीच दिलेलं वचन असतं, आणि तक्रार तुमच्याच दारात येते. उघडं पातं क्षणभरही एकटं सोडायचं नाही, लहान मुलांचा हात टेबलाच्या कडेपर्यंत सहज पोचतो. चिरलेली भाजी तासभर ताटात सुकू द्यायची नाही. वाळलेलं, कडा पांढरी पडलेलं गाजर बघून कोणाला चॉपर घ्यावासा वाटेल? कांदा दाखवायचा तर आधी शेजारच्या काउंटरवाल्यांना विचारा. त्यांच्याही डोळ्यांचा प्रश्न आहे.

नगामागे कमिशन ठेवण्याचा मोह तुम्हाला होणार, एजन्सीही तेच सुचवेल. मी कमिशनवर काम केलंय. महिनाअखेरीला टार्गेट बाकी असलं की मी लोकांच्या ट्रॉलीमागे चालत जायचे. एका आजोबांना नको असलेली वस्तू मी गळ्यात मारली, आणि पुढच्या आठवड्यात ते ती परत द्यायला रांगेत उभे होते. त्यांनी मला ओळखलं, मी मान खाली घातली. ठरलेला दिवसाचा पगार द्या. वर काही द्यायचंच असेल तर सहा आठवडे संपल्यावर, परत आलेले नग वजा करून, सगळ्यांना सारखं द्या.

एजन्सी वाईटच असते असं मी म्हणत नाही. ऐनवेळी कोणी आजारी पडलं तर बदली माणूस देणं, पगारपत्रक, विमा ही कामं ती चोख करत असेल तर तिचे पैसे वसूल आहेत. पण तिला नेमकं विचारा: तुम्ही आमच्याकडून घेता त्यातले त्या व्यक्तीच्या हातात किती पडतात? किती दिवसांत पडतात? दुकानाने आदल्या रात्री काउंटर रद्द केलं तर तिचा दिवस बुडतो का? दर आठवड्याला तीच व्यक्ती येईल ना? मला चार महिन्यांचे पैसे सातव्या महिन्यात मिळाले होते, आणि मालाच्या कंपनीला त्याचा गंधही नव्हता. त्यांनी एकदा विचारलं असतं तर!

आणि आता ज्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही ते. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, कंबर धरते. हे नवीन दुखणं नाही. ब्रिटनमध्ये १८९९ साली कायदा झाला, की दुकानात काम करणाऱ्या दर तीन स्त्रियांमागे निदान एक बसायची जागा हवी. आणि केरळमध्ये दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने मिळाला तो २०१८ मध्ये. मधली जवळजवळ एकशेवीस वर्षं जगभरच्या काउंटरमागे बायका एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभ्या राहिल्या. दुकानाच्या व्यवस्थापकाशी आधीच बोलून घ्या: स्टूल ठेवता येईल ना, स्वच्छतागृह कुठलं वापरायचं, जेवायला कधी आणि कुठे जायचं, तेवढा वेळ काउंटर कोण बघेल. उंच टाचांची सक्ती एजन्सीच्या करारात असेल तर खोडून टाका.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड, म्हणून कोणी बोलत नाही. एक माणूस एकदा माझ्या काउंटरसमोर पाऊण तास उभा होता. पाच वेळा तोच डेमो करायला लावला. सहाव्यांदा फोन नंबर मागितला. मी सुपरवायझरकडे गेले, तर तो म्हणाला, “ग्राहक आहे, हसत राहा.” मी परत जाऊन हसत राहिले. एकोणीस वर्षांची होते. तुमच्या काउंटरवरच्या व्यक्तीला पहिल्याच दिवशी, समोरासमोर सांगा: अस्वस्थ वाटलं तर झाकण बंद कर आणि बाजूला हो, विक्री गेली तर गेली, पैसे कापले जाणार नाहीत, आणि हा माझा नंबर, मी उचलेन. नावाच्या बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव असू द्या. दुकानात तिने कोणाकडे जायचं त्या माणसाची तिची आधीच ओळख करून द्या.

प्रसिद्ध चेहऱ्याच्या पर्यायावर जास्त लिहीत नाही. तुमची अडचण ‘आम्हाला कोणी ओळखत नाही’ एवढीच असती तर विचार केला असता. लोक सेल्फी काढतील, चॉपरकडे त्यांची पाठ असेल, आणि दुसऱ्या दिवशी काउंटर रिकामं. ते पैसे उरलेल्या चार आठवड्यांसाठी राखा.

एक शंभर पानी वही मात्र प्रत्येक काउंटरवर ठेवा. लोकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहायचा. मी अशी वही माझ्या मनाने ठेवली होती. रबराची ती रिंग निघते का, हा प्रश्न दीड महिन्यात तेवीस जणांनी विचारला. शेवटच्या दिवशी मी वही कंपनीच्या माणसाला दिली. त्याने ती न उघडता गाडीच्या मागच्या सीटवर टाकली. तुम्ही दर रविवारी रात्री ती वाचा, भावालाही वाचायला लावा. पुढचं मॉडेल कसं असावं हे त्यात असेल.

शुक्रवारी एजन्सीला असं कळवा: “फोटोंबद्दल आभार. आम्हाला उंची, वय, रंग यांची माहिती नको. स्वयंपाकाची सवय असलेल्या, कोणत्याही वयाच्या तीन व्यक्तींना आम्ही प्रत्यक्ष भेटू इच्छितो, स्त्री किंवा पुरुष. भेटीच्या दिवसाचे पैसे आम्ही देऊ. त्यातली एक व्यक्ती पहिल्या दोन आठवड्यांसाठी घेऊ, पुढचं नंतर ठरवू. त्या व्यक्तीच्या हातात दिवसाला किती आणि कधी पडतील, ते उत्तरात लिहावं.” आणि हा निरोप पाठवायच्या आधी, उद्या सकाळी पॅकिंग सुरू व्हायच्या वेळी, काकूंना बाजूला घेऊन विचारा.